त्सियाला टरफलं न्यायला येते

रात्री साडेअकराला, भट्टी अजून निवायची असते,
तेव्हा मागच्या दारी तिचा टेम्पो लागतो.
बादली उचलते, काट्यावर ठेवते, वहीत लिहिते :
जेमालची बेकरी. सव्वाचार किलो. ओली.

आमच्या बातुमीतली खाचापुरी होडीच्या आकाराची,
मध्ये चीजचं तळं
आणि तळ्यात एक कच्चं अंडं.
ऑगस्टात दिवसाला सातशे सूर्य
मी या हातांनी फोडतो.
टरफलांचं पुढे काय होतं
हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा मी नाक मुरडलं.
"सांडपाण्याच्या केंद्रातून? आणि थेट माझ्या दारात?"
म्हणाली, "काका, तुमच्या दारातूनच येतं ते माझ्याकडे.
वाटेत फक्त माणसं लागतात."

एका सोमवारी बेकरी बंद ठेवून बघायला गेलो.
वास होता. खोटं कशाला बोलू.
तिथल्यांनी सांगितलं, आधी हिनं टरफलं न धुताच भाजली,
आतला पापुद्रा जळून
केस जळल्यासारखा वास तीन मजले चढला,
आणि साहेब रुमालाआडून म्हणाले, "आता आमलेटही होऊ दे."
ही हसली नाही.
धुतली, वाळवली, पुन्हा भाजली,
माझ्या भट्टीच्या तिप्पट आचेवर,
पांढरा चुना होईतो.

तो चुना तिनं माझ्यासमोर काचेच्या भांड्यात टाकला.
गढूळ पाणी दुधाळलं.
मग, विरजण लागावं तसं,
तळाशी काहीतरी धरू लागलं.
"स्फुरद," ती म्हणाली,
"हे समुद्रात गेलं की पाण्यावर हिरवी साय येते
आणि खाली मासे श्वासाला महाग होतात."
मी भांड्याकडे बघत राहिलो.
म्हणजे सगळ्या शहराचं जेवण,
लग्नातलं, तेराव्यातलं, उधारीतलं,
इथं बोटभर गाळ होऊन बसलं होतं.
जन्मभर मी मैद्याशीच व्यवहार केला.
कोंड्याचा मांडा करणारी पहिल्यांदाच पाहिली.

त्यातलं पोतंभर मी चाक्वीला बहिणीकडे नेलं.
म्झेविनारनं शेजाऱ्यांना सांगितलं, परदेशी खत आहे.
दोन संत्र्यांच्या झाडांना घातलं, दोन तशीच ठेवली.
डिसेंबरात विचारलं, काही फरक?
"पानं काळपट हिरवी वाटतात," ती म्हणाली,
"पण मला तसं वाटावं असं वाटतंय, म्हणूनही असेल."

काल त्सियाला आली तेव्हा
त्याच झाडाचं एक संत्रं सोलून तिला दिलं.
ती भट्टीपाशी उभ्यानं खाऊ लागली,
रस मनगटापर्यंत गेला तो तिनं चाटला,
आणि मी साल उचलून टोपलीत टाकणार
तोच ओरडली, "थांबा! ती मला हवीय,
दुसऱ्या टाकीत बघायचंय काय करते ती."

वही काढली. काट्याकडे न बघताच लिहिलं :
जेमाल. एक साल. सुगंधी.