मधोमध भिंत

नान नदीकाठचं इस्पितळ, पलंग नऊ.
इन्सोम. इथे काकाला लुंग म्हणतात, म्हणून लुंग इन्सोम.
ताप: दिवस त्रेचाळीस.
तक्त्यावर रोज संध्याकाळी एक डोंगर,
पहाटे घामाची दरी,
आणि कारणाच्या रकान्यात माझ्या हातचं
तेच प्रश्नचिन्ह.

रक्त तीनदा पेरलं. काही उगवलं नाही.
फोटोत फुप्फुसं धुतल्या तांदळासारखी.
थुंकीत क्षय नाही, तरी क्षयाच्या गोळ्या दिल्या
अंदाजाने.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

धडधाकट अंगातला ताप बोलका असतो.
गाठ येते, पू होतो, सूज लाल होऊन बोट दाखवते.
इथे घर लुटलं जातंय
आणि ओरडायला कुणी उरलेलंच नाही.
कागदावर "नाही" असं छापून येतं;
ते नाही आहे, की नुसतं मौन,
कुणाला विचारू?

मनगटावर पांढऱ्या दोऱ्यांची जुडी.
माणसात बत्तीस ख्वन असतात म्हणे,
भ्यायले की रानात पळतात,
हाका मारून आणावे लागतात, दोऱ्याने बांधावे लागतात.
आमच्या मोजणीत राखणदार पेशी: अकरा.
मी दोरे वर सरकवते आणि शीर शोधते.

मग एका सकाळी अंग पुसताना लेक, फिकुल, म्हणाली,
"डॉक्टर, ह्या पुटकुळ्या बघितल्यात?
मधे खळगा आहे. जणू कुणी
भाताचं शीत दाबून परत उचललंय."
बघितल्या होत्या.
मुरमं समजून पुढे गेले होते.
हे मी कुठल्याही कागदावर लिहिणार नाही.

एक खरवडली. काचेवर घासली. रंगवली.
भिंगाखाली पेशींच्या पोटात पेशी.
कळी फुटत नाही त्यांना,
मधोमध आडवी भिंत पडते
आणि वाटणी झालेल्या भावांसारख्या त्या वेगळ्या होतात.

औषध त्याच रात्री टांगलं.
थंड खणातल्या बशीत पाचव्या दिवशी
बुरशीभोवती लाल उतरलं,
पान खाऊन कुणी हसावं तसं.
अंगाच्या उबेत वाढवलेली तिचीच बहीण मात्र
फिकट, साधी, ओळख न देणारी.

"नाव सापडलं?" म्हाताऱ्याने विचारलं.
सापडलं. लांबलचक आहे.
"मग हाक मारा त्याला. म्हणावं,
झालं पाहुणपण, निघ."

ताप अजून आहे. डोंगर बुटका झालाय.
फिकुल खिडकीशी नवा दोरा वळतेय,
पलंग दहासाठी.
त्याचा आज एकोणिसावा दिवस.