जोर

दोतोरबाईंचा दवाखाना कुडचड्यात, रेल्वे फाटकापलीकडे.
खाली चपलांचं दुकान, वर आम्ही.
पहिल्या दिवशी त्यांनी माझी पुस्तकांची पिशवी हातात तोलली.
सहा किलो, म्हणाल्या.
एवढं व्हायला बाळाला चार महिने लागतात.
ठेव तिथं. बाकावर नको, बाकावर पेशंट बसतो.

मी परभणीची. ताप म्हणजे ताप एवढंच शिकून आलेली.
कुष्टा वेळीप पोराला खांद्यावर टाकून जिना चढला,
म्हणाला, भुरग्याक जोर आयला.
मी केसपेपरवर लिहिलं : ताकद वाढली आहे.
पोराचं कपाळ तव्यासारखं.
सिस्टर पिएदाद हसत हसत आत पळाली,
दोतोरबाई हसल्या नाहीत.
माझ्याच पेनानं ताकद खोडली, वर लिहिलं एकशे तीन,
आणि मला म्हणाल्या, वही काढ.

जोर : ताप.
घुंवळ : चक्कर.
खोंकली : खोकला.
बरें दिसना : बरं वाटत नाही.
(हे मला दोन दिवस कळलं नव्हतं.
कुणाला काय शोभत नाही ते मी विचारत बसले होते.)

फ्लाविया, माझ्यासोबतची, चिंचिणीची,
सकाळी पोदेराचा पों पों येईपर्यंत
प्रश्नसंच सोडवत बसायची. दिवसाला दोनशे.
तिचं वेळापत्रक भिंतीवर, चार रंगांत.
माझं वेळापत्रक दोतोरबाई ठरवायच्या :
आज बाजारात जा. मासे विकणाऱ्या पाच बायकांचे श्वास मोज,
त्यांना कळू न देता.
चौघींचे मोजले. पाचवी म्हणाली,
बांगडे घे नाहीतर फुडें सर.

मग गच्चीवरची टाकी.
डाव्या हाताचं मधलं बोट पत्र्यावर सपाट,
उजव्याचं वरून, मनगटातून, हातोडीसारखं पण हातोडी नव्हे.
वर पोकळ, पोकळ, पोकळ,
मग एका जागी आवाज बसतो,
कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.
पाणी इथपर्यंत, मी म्हटलं.
त्यांनी झाकण उघडून पाहिलं. चार बोटं चुकली होती.
परत वाजव.
आठवडाभर माझं मधलं बोट निळं,
आणि खालचा चपलावाला विचारायचा, टाकी गळता काय?

सांतान टिपर चालवायचा, खाणीच्या रस्त्यावर, बावीस वर्षं.
त्यानं शर्ट काढला तर शिवणीत अजून लाल धूळ,
खाण बंद पडून किती काळ झाला तरी.
मी खांद्याखाली सुरुवात केली.
पोकळ. पोकळ.
दोन बोटं खाली.
पोकळ.
उजवीकडे तिथं आवाज बसला.
मी परत वर गेले, परत खाली आले, तीनदा.
सांतान मान न वळवता म्हणाला,
कितें गो, घरांत कोण ना?

दोतोरबाईंनी माझ्या बोटाखाली पेनानं रेघ ओढली,
मग स्वतः वाजवून पाहिलं,
आणि रेघ पुसली नाही.
त्याच रेघेसकट, चिठ्ठी खिशात घालून,
तो मडगावच्या बसला गेला.
पुढचं मला माहीत नाही. मला कळवायची पद्धत नव्हती.

त्या रात्री फ्लावियाच्या संचात तोच प्रश्न आला,
अ, ब, क, ड.
मी बघता बघता क म्हटलं. बरोबर होतं.
तिनं हिरवी खूण केली, पान उलटलं.
मी मात्र बराच वेळ
त्या पानाच्या मागच्या बाजूला बोट धरून होते.

जुलैत मलाच जोर आला.
आईला फोनवर तसंच सांगितलं, तोंडात बसलं होतं म्हणून.
ती म्हणाली, बरं झालं बाई,
आता अभ्यास होईल.

परीक्षेला एकोणीस दिवस उरलेत.
पुस्तकं पिशवीतून निघाली, तिथं आता वही, टॉर्च, सिस्टरनं दिलेलं लोणचं.
कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले
आणि जाता जाता हात टाकीवर पडला.
पोकळ, पोकळ, पोकळ, पोकळ,
अगदी तळाशी बसला.
मी जिन्यावरून हाक मारली,
सिस्टर, मोटर लाव गो,
तीनच बोटं उरलंय.