कमी डोस

मिरजेत, कॉलेजच्या मागच्या बाजूला,
प्राणिगृहाचा एसी पहाटे बंद पडला
तेव्हा मी बाविसाव्या उंदराचं वजन करत होते.
अठरा पूर्णांक सहा ग्रॅम. काल एकोणीस होतं.
ताप असेल.
उंदराच्या कपाळाला हात लावता येत नाही,
केस पिंजारले की समजायचं.

सगळ्यांना विषाणू टोचलेला.
त्यातल्या अर्ध्यांना रोज नुसतं मिठाचं पाणी,
अर्ध्यांना ते औषध,
लांबच्या कुठल्या बेटावरच्या मातीत सापडलेलं,
जे शरीराला सांगतं, जरा दमानं घे,
दारात आलेला प्रत्येक जण चोर नसतो.

हेच औषध नलूताई खाते,
विट्यात, सकाळी आठला, स्टीलच्या डबीतून.
तिच्या पोटात तिच्या जावेची किडनी आहे.
मोरीच्या पाण्यावरून अकरा वर्षं
दोघी बोलत नव्हत्या.
मग एक दिवस जाऊ म्हणाली, माझी बघा जुळते का,
आणि चपला घालून तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.
भांडण मिटलं असं अजून कुणी म्हटलेलं नाही.
गोळी चालू आहे.

इलाही शिकलगार पिंजऱ्यांतला भुसा बदलतो.
दुपारनंतर भावाच्या दुकानात सतारीचे भोपळे घासतो,
सकाळी नखांत तांबूस भुगा घेऊन येतो.
मला वाटायचं, एकदा तरी हा तारेबद्दल काही बोलेल,
जास्त ताणली की तुटते वगैरे.
तो म्हणतो, मॅडम, चौदा नंबर पाणी पीत नाही.

वहीत मी पेन्सिलीनं आधीच लिहिलं होतं:
औषधवाले कमी पडतील.

तिसाव्या दिवशी प्लीहा काढल्या,
घेवड्याच्या शेंगेएवढ्या, गडद.
पेशी रंगवल्या, यंत्रात सोडल्या.
आणि स्मृतिपेशी जास्त निघाल्या
औषधवाल्यांत.
नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून
तीनदा मोजलं.
मोठ्या डोसवाल्या गटात मात्र काहीच नव्हतं,
तिथं शरीर नुसतं गप्प बसलेलं.
थोडक्या डोसात लढाई जराशी मंदावली
आणि बऱ्याच जणी न मरता मागे थांबल्या,
आलेल्याचा चेहरा नीट बघून घेत.

संध्याकाळी नलूताईला फोन केला. उगाच केला.
ती म्हणाली, मग आता मला ताप येणार नाही का?
म्हटलं, तसं नाही गं, हे उंदीर आहेत,
तुझा डोस वेगळा, मास्क घाल, जत्रेला जाऊ नकोस.
लक्षात राहण्याचं म्हणशील, तर ती म्हणाली,
मला सगळंच लक्षात आहे.
मागून जावेचा आवाज आला:
तिसरी शिट्टी झाली, बंद करू का?

चौदा नंबर औषधवाल्यांतलाच होता.
त्याचे आकडे चांगले आले.
पेन्सिलीची ओळ मी खोडली नाही,
फक्त त्याच्या नावापुढं, म्हणजे नंबरापुढं,
लिहिलं: नवव्या दिवशी पाणी प्यायला नाही,
इलाहीनं बघितलं.
त्या रकान्याला
आमच्या तक्त्यात नाव नाही.