रकाना बारा

आज साठावा दिवस.
पहाटे तीनला मीच फाईलीला भोकं पाडली,
हिरवी दोरी ओवली, पानांवर आकडे घातले
एक ते त्रेचाळीस.
सतरावर चहा सांडलेला. तो तसाच गेला.

व्यंकटेश राजमल्लू इराबत्ती, वय बावीस.
मुद्देमाल: टर्किश टॉवेल, नग एकतीस,
लाखेची मोहोर, दोन पंच.
त्यातला एक ठाण्यासमोरचा टपरीवाला,
यंदाची त्याची ही सातवी चोरी,
म्हणजे पंच म्हणून.

साक्षीदार चार, आरोपीची आई. विड्या वळते.
पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते,
हे सांगेपर्यंत तिनं अंगठा पुढं केला होता,
तंबाखूनं आधीच काळा.

अक्कलकोट रोडनं स्कूटी काढली, फाईल डिकीत.
दोन्ही अंगांना माग चालू.
त्या खडखडाटात ऐकू काही येत नाही,
इथली पोरं लहानपणापासून ओठ वाचतात.
मीही त्याच गल्लीतली.

म्हणून त्या पहिल्या रात्री कोठडीत,
न्यायाधीशांपुढं उभं करायला अजून अकरा तास होते तेव्हा,
तो तेलुगूत रडला
आणि रडताना एक नाव बोलला.
दुकानाचं नाव. मोठं दुकान आहे.
लिहिणाऱ्याला तेलुगू येत नाही.
मला कुणी विचारलं नाही.
मी सांगितलंही नाही.

रकाना अकरा: दोषारोप ठेवलेले आरोपी.
तिथं तो, बापाच्या नावासकट.
रकाना बारा: दोषारोप न ठेवलेले.
साहेबांनी सुंदर अक्षरात लिहिलंय
निरंक.

कोर्टातल्या बाई चष्म्यावरून बघतात.
"आरोपीची प्रत? डायरी वेगळी बांधा. उद्या आणली असती
तर पोरगा सुटला असता की हो."
शिक्का पडतो. पाचला दहा कमी.

पायरीवर ती बसलेली, मांडीवर रिकामं सूप.
"गेला का, बाई, पुढं?"
गेला, म्हणाले.
"मग आता तो मागं कधी येणार?"
पुढची तारीख सांगितली. तिनं ती बोटांवर मोजली,
पेरं संपली, परत सुरू केली.

रात्री वर्दी झटकली
तर खिशातून भोकांचे गोल कागद सांडले.
एकावर अर्धं अक्षर होतं.
दिव्याखाली धरून बराच वेळ बघितलं,
कुठल्या पानाचं असेल.