जॉब बदल, चक तोच

रात्री साडेनऊला लेथ बंद करून घरी आलो
की सुकन्या कार्डं पिसून माझ्या हातात द्यायची.
एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला जर्मन,
तेही देवनागरीत, माझ्यासाठी.
मी म्हणायचं, "कुठं दुखतंय?"
तिनं म्हणायचं, "वो टूट एस वे?"
चुकलं की कार्ड परत तळाला.

त्यांच्यात 'मी'ला 'इश' म्हणतात.
पहिल्या रात्री ही भाकरी थापता थापता म्हणाली,
बाई, 'मी' म्हणायला एवढं लाजायचं?
आणि आमची पोरगी,
इथल्या पोरींसारखी जन्मभर
"मी येतो", "मी जेवतो" म्हणत आलेली,
ती टेबल बाप्या का आणि दिवा बाई का
यावरनं रडकुंडीला.
मुलगी तर त्यांच्यात नपुंसकलिंगी.
मी म्हटलं, त्यात काय,
आपणही विचारतोच की, कुणाचं गं हे पोरगं?

दोनशे कार्डं पाठ झाली.
राजारामपुरीत क्लासच्या मॅडमनी साधं विचारलं,
काल संध्याकाळी काय केलंस?
दातखीळ.
ते कार्डावर नव्हतं.

मला भाषेतलं काय कळतंय.
दहावी नापास, एकतीस वर्षं उद्यमनगरात.
पण रविवारी तिला शेडवर नेलं,
चकाचे जबडे दाखवले.
सकाळी ह्यात बुश होता, दुपारी पुली,
आता फ्लँज धरलाय.
रोज नवा चक आणतो का मी?

ती बघत राहिली. मग पुस्तकातलं वाक्य काढलं,
माझे वडील शिक्षक आहेत.
त्यातला शिक्षक सैल केला, अलगद उतरवून ठेवला
आणि तिथं मला बसवलं.
माइन फाटर इस्ट ड्रेयर.
माझे वडील टर्नर आहेत.
इतक्या वर्षांत हे असं मोठ्यानं
कुणी म्हटलं नव्हतं.
मी उगाच बेडवरचा कीस झाडत राहिलो.

त्या दिवसापासनं ती कुणालाही सोडेना.
केएमटीच्या कंडक्टरला, रंकाळ्यावरच्या भेळवाल्याला,
गंगावेशीत धार काढून घेताना म्हशीला,
"वो टूट एस वे?"
म्हैस शेपूट हलवून गप्प.
गवळी म्हणाला, काय म्हणतीय ओ पोरगी?
म्हटलं, कुठं दुखतंय विचारतीय.
तो म्हणाला, हिचं सोडा, माझा गुडघा बघा म्हणावं.
मग गुडघा आला वाक्यात. मग पाठ. मग मान.
मॅडम म्हणाल्या, आता बोलतीस.

गेली.
गावाचं नाव अजून माझ्या तोंडात बसत नाही.
पंधरा दिवसांनी रात्री फोन.
पप्पा, वॉर्डात एक म्हातारा आहे,
पडून हाड मोडलंय, कुणाशी बोलत नाही.
कुठं दुखतंय विचारलं. भिंतीकडं बघितलं.
गुडघा, पाठ, मान, सगळं म्हणून झालं.
वाक्यं संपली हो माझी.
तर तुम्हीच उरला होता.
माइन फाटर इस्ट ड्रेयर.
त्यानं चादरीतनं दोन्ही हात काढले,
बोटं बघा म्हणून पुढं केली, एक अर्धंच,
आणि म्हणाला, इश आउख.

मला ऐकू आलं आउख.
आमची आजी आशीर्वाद द्यायची, आउख वाढू दे तुझं.
म्हटलं, आयुष्य म्हणाला?
नाही ओ पप्पा. 'मी पण' म्हणाला.

हे कार्डावर नव्हतं.
मी शेडच्या दारामागं खडूनं लिहून ठेवलं.

आज सात वाजता शेजारच्या शेडमधला इराप्पा
हात धुता धुता म्हणाला, दमलो बघा मालक.
मी म्हटलं, इश आउख.
तो हात तसाच ओला धरून बघत राहिला.
म्हणाला, लाजताय कशाला?