डावा कोपरा

कोंढव्याच्या झैदनं मला अकरा मिनिटांत घरी पाठवलं.
वय वर्षं तेरा, मांडीवर वेफर्सचं पाकीट.
बोटं शर्टाला पुसून त्यानं हात मिळवला,
म्हणाला, दीदी, तुमचे सहाही नुसते मारायलाच आलेले.

कर्वे रस्त्यावरचं तळघर, एसीचं पाणी बादलीत टिपटिप,
आणि पडद्यावर माझे सहा आडवे:
ठिणगी, कडाडी, नांगी, सुळ्या, वावटळ
आणि दुसरी ठिणगी, निळी.
सगळे वेगवान, सगळे कागदी.
एक फटका द्यायचे,
दुसरा खायला शिल्लक नसायचे.

रात्री खडकीला, जेवणं झाल्यावर,
वहीत रकाने आखत बसले.
आग पाल्याला, पाला पाण्याला, पाणी आगीला,
इथपर्यंत बालवाडी.
पुढे पोलाद, धुकं, विष, काच,
एकूण चौदा जाती.
हा शब्द तिथंही आहे? आईनं विचारलं, ओटा पुसता पुसता.
मी खोडून प्रकार लिहिलं.

पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून वही पाहिली.
एकतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात,
आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानात, डावा कोपरा.
चढाई करणाऱ्यांचे फोटो छापून यायचे.
त्यांत पप्पांचा फक्त हात,
कुणाच्या तरी घोट्याभोवती.

चढाईला सहा, ते म्हणाले. मग पकड कोण करणार?

मी म्हटलं, ही कबड्डी नाही.
ते म्हणाले, मार कोण खाणार ते आधी ठरव,
मारणारे मिळतात.
मग गुडघ्यावर हात ठेवून, दोन दमांत उठले,
मलमाची डबी शोधायला.

आठवडाभर मी टीम मोडत होते.
निळी ठिणगी काढताना वाईट वाटलं,
दहावीच्या सुट्टीपासूनची होती.
तिला कोठारात ठेवलं, नाव न बदलता.
गाळोबा आणला, चिखलाचं ढेकूळ,
इतका संथ की मी पूर्वी त्याला हसायचे.
शेवंती आणली, जी कुणालाच मारत नाही,
दुसऱ्याच्या जखमेवर नुसती बसून राहते.
आणि घंटामाय. ती एकदाच वाजते
आणि पाच डाव सगळं उलटं होतं:
सगळ्यात हळू तो सगळ्यात आधी.

हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलेलं आहे,
का ते आठवत नाही.

कॅम्पातली रेनिता सरावाला यायची,
म्हणायची, शलाका, ही टीम नाही, ससूनचा वॉर्ड आहे.

डिसेंबरात तेच तळघर, तीच बादली.
झैदला मिसरूड फुटू लागलेली.
त्याचे तिघं सुसाट सुटले,
तेवढ्यात घंटा वाजली
आणि ते सिग्नलला अडकलेल्या दुचाक्यांसारखे
जागच्या जागी गुरगुरत राहिले.
गाळोबानं सावकाश मान वळवली.
तिसऱ्या डावात झैदनं वेफर्स खाली ठेवले.
पाचव्यात म्हणाला, अरे यार.

पुढच्याच फेरीत विषारी धुक्यानं
आम्हाला एकेक करून विझवलं.
शेवंती शेवटपर्यंत बसून होती.
विषाला उतारा माझ्याकडे नव्हताच,
तो रकाना पहिल्या रात्रीपासून रिकामा होता.
सातवी जागा असती तर,
असं मी बसमध्ये वाकडेवाडीपर्यंत घोकत आले.

इमारतीत लिफ्ट बंद.
पप्पा खाली उभे, हातात मेथीची जुडी,
जिन्याकडे बघत, समोरच्या संघाकडे बघावं तसे.
जुडी माझ्याकडे दिली, कठडा धरला.
चार मजले.
पार्सलवाला मुलगा दोन-दोन पायऱ्या चढत मागून आला,
क्षणभर थांबला,
मग तोही आमच्या चालीनं चालू लागला.

दुसऱ्या मजल्यावर, श्वास घेताना, पप्पांनी विचारलं,
झाली का पकड?

एक झाली.

कुणी केली?

सांगते, म्हटलं.
चला, तुम्ही पुढे.