वाजवी

खोली दोनशे एकोणतीस. बाहेर मार्चमधला बर्फ,
आत ओल्या लोकरीचा वास, रेडिएटरची टकटक.
माझं काम दिव्यांचं.
हिरवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरा,
तांबडा लागला की धन्यवाद, पुढचे.
अठरा वर्षं एवढंच करते आहे
मेन राज्याच्या या विधानभवनात.
शेवंडाच्या पिंजऱ्यांपासून मेपलच्या पाकापर्यंत
कुठलंही विधेयक असो,
माणशी तीन मिनिटं.

आजचं दीड पानांचं.
घरात मूल असेल तर बंदूक कुलपात,
गोळ्या निराळ्या,
आणि मालकाने घ्यावी वाजवी काळजी.
त्या 'वाजवी'वरच अर्धी दुपार गेली.

रोस्को थिबोडो पहाटे तीनला निघाला होता
थेट उत्तरेच्या टोकाहून, बर्फ कापत.
"खुराड्यापाशी अस्वल आलं, मॅडम,
तर त्याला म्हणू का, थांब बाबा,
आधी चष्मा शोधतो, मग किल्ली?"
लोक हसले. मीही हसले, तोंड खाली घालून.
मग तो म्हणाला, आता न हसता,
"बापाची बंदूक दारामागे खुंटीवर असायची.
आम्ही सात भावंडं. कुणाची बोट लावायची छाती नव्हती.
धाक होता.
धाकाचा कायदा करता येतो का तुम्हाला?"
पिवळा.

आर्डिस पेल्की, परिचारिका, रात्रपाळी करून आलेली.
हातातला कागद तिने उघडलाच नाही.
"ज्या घरी सातच्या सात वाचले
ते इथे येऊन सांगतात," ती म्हणाली.
"बाकीची घरं कुठे बोलतात?"
आणि दोन मिनिटं शिल्लक ठेवून बसली.

हार्डवेअरवाला म्हणाला, फुकटची कुलपं
मी गल्ल्यावरच ठेवलीत, टोपलीत.
लोक नेतात. एकाने सायकलीला लावलंय.
मागून कुणी ओरडलं, चाप लावायचा तर चोरांना लावा!
अध्यक्षांनी हातोडी आपटली.
दोघं-तिघं दचकले,
जिने आपटली तीसुद्धा.

शेवटचं नाव एमरी व्हॉइझीन.
अर्जावर दोन चौकोन असतात, बाजूने, विरोधात.
त्याचे दोन्ही कोरे.
मी हिरवा लावला. तो माइककडे बघत राहिला.
पिवळा लागल्यावर बोलला.

"माझी कुलपातच होती.
गोळ्या वरच्या मजल्यावर, त्याही कुलपात.
किल्ली कोकोच्या डब्यात, फडताळाच्या वरच्या फळीवर.
थंडीत रोज संध्याकाळी मी म्हणायचो,
ज्यूड, स्टूल घे, कोको काढ."

तांबडा मी लावायला हवा होता.

"तुमच्या मसुद्यात मी बसतो का बघितलं.
बसतो. माझ्यावर कलम लागत नाही.
वकिलानेही तेच सांगितलं, खांद्यावर हात ठेवून.
मला वाटलं, कुणीतरी विचारावं,
किल्ली कुठे होती."

उजवीकडचा एक आमदार पुढे झुकला,
म्हणजे कुलपाचा उपयोग झाला नाही, असंच ना?
डावीकडची बाई त्याच क्षणी,
म्हणजे मसुदा आणखी कडक हवा, बरोबर ना?
एमरीने दोघांकडे पाहिलं,
जसं गावात नवीन आलेल्याला
रस्ता विचारल्यावर बघावं.
"नऊ वर्षांचा होता," म्हणाला.
टोपी घेतली. एक हातमोजा टेबलावरच राहिला.

मतदान गुरुवारवर गेलं. वादळ येतंय म्हणे.
इतिवृत्तात मी लिहिलं, व्हॉइझीन, तीन मिनिटं.
होती सात.
पुढचा रकाना, बाजूने की विरोधात, तसाच सोडला.
संगणक रिकामा रकाना घेत नाही.
पुन्हा पुन्हा विचारत होता.

घरी आले. बूट दारातच काढले.
शनिवारी लेक येणार, नातवाला घेऊन.
नवऱ्याला विचारलं, तुझी किल्ली कुठे असते?
पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला,
"तिथेच. नेहमीच्या जागी."
नेहमीची जागा मला माहीत आहे.
चार वर्षांपूर्वी नाताळात
बिस्किटं शोधताना
मला ती त्या पोरानेच दाखवली होती.